केमो लागू पडतेय का, हे रक्तातून कळतं का?

केमोच्या दोन-तीन सायकल झाल्या की घरातला प्रत्येक जण तोच प्रश्न विचारत असतो, कधी डॉक्टरांना, कधी एकमेकांना: औषध लागू पडतंय का? केस गळले, तोंड आलं, पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणजे औषध जोरात काम करतंय, असा एक समज आपल्याकडे पक्का बसलाय. त्यावर विसंबू नये. हा त्रास होतो तो निरोगी पेशींना मार बसल्यामुळे, आणि गाठीचं काय चाललंय हे त्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. फारसा त्रास न होता गाठ विरघळलेले रुग्ण असतात, आणि सगळं सोसूनही गाठ जागची हलली नाही असेही असतात.

खरं उत्तर स्कॅनमधून येतं आणि त्यासाठी साधारण दोन-तीन महिने थांबावं लागतं. म्हणूनच ‘रक्ताच्या साध्या तपासणीतून काही आठवड्यांतच कळणार’ अशी बातमी आली की ती घराघरांतल्या ग्रुपवर फिरते आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत कुणीतरी मोबाइल पुढे करतो. बातमी खोटी नसते. अशी तपासणी आहे, ती शास्त्रीय पायावर उभी आहे आणि बऱ्याच कॅन्सरमध्ये ती स्कॅनच्या आधी बोलते. पण लवकर कळणं आणि त्या कळण्याचा रुग्णाला उपयोग होणं यांच्यात मोठं अंतर आहे. बातम्यांत ते अंतर सहसा दिसत नाही.

रक्तात डीएनए येतो कुठून?

शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. पेशी मरताना तिच्या आतल्या डीएनएचे तुकडे होतात आणि त्यातले काही रक्तात उतरतात. रक्तातल्या पेशी बाजूला काढल्यावर जो पिवळसर पातळ भाग उरतो, म्हणजे प्लाझ्मा, त्यात हे तुकडे मोकळे फिरत असतात. बहुतेकांची लांबी १६६ अक्षरांच्या (डीएनएच्या साखळीतल्या एकेका दुव्याला अक्षर म्हणतात) आसपास असते. याचं कारण असं की पेशीत डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि पेशी मरताना त्याला कात्री लागते ती दोन रिळांच्या मधल्या उघड्या जागेत. एका रिळावरचा वेढा तेवढा शाबूत सुटतो.

माणसाच्या रक्तात असा मोकळा डीएनए असतो हे फ्रान्समधल्या मांदेल आणि मेते या दोघांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. डीएनएची रचना उलगडली ती १९५३ मध्ये, त्यामुळे या शोधाचं करायचं काय हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. १९७७ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांत हा डीएनए जास्त असतो आणि रेडिएशननंतर अनेकांत तो उतरतो असं दिसलं. १९८९ मध्ये त्यातला काही भाग थेट गाठीतूनच येतो याचा पुरावा मिळाला. पुढे १९९७ मध्ये डेनिस लो यांना गरोदर बाईच्या प्लाझ्मात बाळाचा डीएनए सापडला आणि त्यातूनच आज गरोदरपणात डाउन सिंड्रोमसाठी होणारी रक्ततपासणी आली. दोन्ही तपासण्यांचं मूळ एक असल्याचा चमत्कारिक पुरावा २०१५ मध्ये मिळाला. सव्वा लाखाहून जास्त गरोदर बायकांच्या तपासण्या चाळल्या, तेव्हा काहींच्या रिपोर्टमधला घोटाळा बाळाचा नव्हताच. १० जणींना स्वतःलाच कॅन्सर होता आणि त्यांच्या गाठीचा डीएनए त्या नळीत आला होता.

कॅन्सरच्या पेशीच्या डीएनएत काही अक्षरं बदललेली असतात, काही तुकडे गळलेले किंवा उगाच दुप्पट झालेले असतात. त्या बदलांना म्युटेशन म्हणतात. तसं म्युटेशन असलेला तुकडा प्लाझ्मात सापडला तर तो गाठीकडून आलाय असं धरता येतं. प्रयोगशाळा त्याला ‘सीटीडीएनए’ म्हणतात. या लेखात मी त्याला गाठीचा डीएनए म्हणणार आहे.

केमोशी त्याचा संबंध काय?

गाठ मोठी, तर मरणाऱ्या पेशीही जास्त आणि रक्तात उतरणारे तुकडेही जास्त. औषध लागू पडलं की पेशींची संख्या घटते, तुकड्यांचा पुरवठा आटतो. महत्त्वाचं म्हणजे हे तुकडे रक्तात फार टिकत नाहीत. यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं त्यांची पटापट विल्हेवाट लावतात. जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी २००८ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या १८ रुग्णांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यात एका रुग्णाची गाठ शस्त्रक्रियेनं काढल्यावर रक्तातला गाठीचा डीएनए निम्म्यावर यायला ११४ मिनिटं लागली. म्हणजे आज सकाळी काढलेलं रक्त आज सकाळचीच हकिकत सांगतं.

केमोतला एक ठोस अनुभव ऑस्ट्रेलियातला. मोठ्या आतड्याचा पसरलेला कॅन्सर असलेले ५३ रुग्ण होते आणि २०१५ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. तपासता आलेल्या ५२ पैकी ४८ जणांच्या रक्तात गाठीचा डीएनए सापडला. केमोची दुसरी सायकल सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे पहिल्या सलाईननंतर अवघ्या काही आठवड्यांत, तो सरासरी साडेपाच पटींहून जास्त उतरला होता. ज्यांच्यात तो जास्त उतरला, त्यांची गाठ आठ-दहा आठवड्यांनंतरच्या सीटी स्कॅनमध्ये लहान झालेली दिसण्याची शक्यताही जास्त होती. स्कॅनला दोन महिन्यांनी जे दिसलं त्याची चाहूल रक्तानं आधीच दिली होती.

स्कॅन असताना हे कशाला?

कारण स्कॅन आकार मोजतो. आकार बदलायला वेळ लागतो. सीटीवर गाठ मोजण्याजोगी धरायची तर ती साधारण १० मिलिमीटरची असावी लागते, आणि एवढ्याशा गाठीतही काही कोटी पेशी असतात. डॉक्टर वापरतात त्या मोजमापाच्या नियमांनुसार ठरावीक गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली तर ‘प्रतिसाद आहे’, २० टक्क्यांनी वाढली तर ‘आजार वाढला’. या दोहोंच्या मध्ये जे काही घडेल त्याला रिपोर्टमध्ये ‘स्टेबल डिसीज’ लिहितात. त्या दोन शब्दांवर घरात किती तास चर्चा होते हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच ठाऊक.

शिवाय केमोनंतर गाठीच्या जागी नुसता मेलेला भाग किंवा वण उरला तरी स्कॅनवर सावली दिसतेच. आजार हाडांत पसरला असेल तर आकार मोजणं आणखी अवघड होतं.

मग सीईए, सीए-१२५ या मार्करांचं काय?

कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारे हे पदार्थ. ते आहेत, स्वस्त आहेत आणि त्यांना टाकून देण्याचं कारण नाही. फक्त ती प्रथिनं आहेत, आणि निरोगी पेशीही ती बनवतात. सीईए धूम्रपान करणाऱ्यांत आणि यकृताच्या आजारातही चढतं. केमो सुरू झाल्यावर सुरुवातीला ते उगाच उसळी मारतं आणि मग उतरतं, असंही होतं. काही रुग्णांत मार्कर पहिल्यापासूनच नॉर्मल असतो, तिथे तो बघून उपयोगच नसतो. म्युटेशनचं तसं नाही. ते निरोगी पेशीत सहसा नसतंच (एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईल).

केंब्रिजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये स्तनाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या ३० बायकांत तुलना केली. गाठीचा डीएनए २९ जणींत सापडला. त्या कॅन्सरचा नेहमीचा मार्कर, सीए १५-३, तपासलेल्या २७ पैकी २१ जणींत वाढलेला होता. रक्तात फिरणाऱ्या अख्ख्या कॅन्सर पेशी ३० पैकी २६ जणींत मिळाल्या. संख्या लहान आहे हे खरं, पण कौल स्पष्ट आहे.

रिपोर्टमध्ये ‘सापडलं नाही’ आलं, म्हणजे कॅन्सर गेला?

नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

पोतं निवडायला घेतलंय असं धरा. दर दहा हजार तांदळांत एक खडा आहे. तुम्ही सहा-सात हजार दाण्यांची परात भरून घेतली आणि एकेक दाणा डोळ्यांखालून घातला. खडा सापडला नाही, तर पोतं स्वच्छ आहे असं म्हणाल का? अर्ध्याहून जास्त वेळा अशी परात बिनखड्याचीच निघेल. निवडणाऱ्याची नजर कितीही तीक्ष्ण असो, जे परातीत आलंच नाही ते दिसणार कसं?

रक्ताचा हिशोब अगदी हाच आहे. १० मिलिलिटर रक्तातून चार-पाच मिलिलिटर प्लाझ्मा मिळतो. त्यात मोकळा डीएनए असतो मोजून वीस-पंचवीस नॅनोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). एका नॅनोग्रॅममध्ये डीएनएतल्या कोणत्याही एका जागेच्या साधारण ३०० प्रती. म्हणजे नळीत मिळून सहा-सात हजार प्रती आल्या. त्यात गाठीचा वाटा दहा हजारांत एक असेल, तर एक म्युटेशन शोधणाऱ्या तपासणीच्या हाती बहुधा काही लागणार नाही. यात यंत्राचा दोष नाही, तेवढा माल नळीत नव्हताच.

यावर प्रयोगशाळांनी तोड काढली. एकच म्युटेशन शोधत बसण्याऐवजी एकाच वेळी अनेक शोधायची. त्यासाठी आधी रुग्णाची शस्त्रक्रियेत काढलेली गाठ किंवा बायोप्सीचा तुकडा घेऊन त्याचा डीएनए वाचतात, त्या रुग्णाच्या गाठीत नेमकी कोणती म्युटेशन आहेत याची यादी करतात आणि त्यातली समजा १६ निवडून फक्त त्यांचाच माग काढणारी तपासणी बनवतात. आता प्रत्येक जागेच्या सहा-सात हजार प्रती, अशा १६ जागा. काहीतरी हाती लागण्याची शक्यता एकदम वाढते. शेकडो किंवा हजारो म्युटेशन एकदम बघणाऱ्या पद्धतीही आहेत. दुसऱ्या प्रकारच्या तपासण्या रुग्णाची गाठ न बघताच, कॅन्सरमध्ये नेहमी आढळणाऱ्या बदलांची ठरलेली यादी लावतात. त्या लवकर होतात, गाठीचा तुकडा लागत नाही, पण अत्यल्प डीएनए पकडण्यात सहसा मागे पडतात. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली की ती यातली कोणती आहे हे जरूर विचारावं. उत्तराचा अर्थ त्यावर ठरतो.

गाठीच्या स्वभावाचाही प्रश्न आहे. सगळ्या गाठी सारखा डीएनए सोडत नाहीत. २०१४ मध्ये ६४० रुग्णांचा एक मोठा अभ्यास आला. मोठं आतडं, स्वादुपिंड, अंडाशय, मूत्राशय अशा पसरलेल्या कॅन्सरमध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त रुग्णांत गाठीचा डीएनए मिळाला. मेंदू, मूत्रपिंड, थायरॉइड यांत निम्म्यांतही नाही. आजार यकृतात पसरला की रक्तात भरपूर डीएनए येतो. तोच फक्त पोटाच्या पडद्यावर किंवा फक्त फुफ्फुसात असेल तर कमी. उपचारांपूर्वीच्या नमुन्यातच काही मिळालं नसेल, तर नंतर ‘सापडलं नाही’ या ओळीला काही किंमत नाही.

आणि ‘सापडलं’ आलं, तर ते नक्की गाठीचंच?

वर म्हटलेला अपवाद इथला. वय वाढतं तसं हाडांच्या मज्जेतल्या काही पेशींत म्युटेशन साचतात, आणि तशा एखाद्या पेशीची पिलावळ रक्तात वाढत जाते. हा कॅन्सर नसतो. सत्तरीनंतर साधारण दहातल्या एकात असं आढळतं. प्लाझ्मातला बराचसा मोकळा डीएनए पांढऱ्या पेशींचाच असल्यामुळे ही म्युटेशन तपासणीत उमटतात आणि गाठीची म्हणून खपून जातात. उपाय सोपा आहे: त्याच नळीतल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या तपासायच्या आणि दोन्हीकडे आढळलेलं वजा करायचं. चांगल्या तपासण्या तसं करतात, किंवा रुग्णाच्या गाठीची यादीच हाताशी असते. ठरलेल्या यादीच्या तपासणीत मात्र ही गफलत होऊ शकते.

आकडा कसा दिलाय हेही बघा. बरेच रिपोर्ट टक्केवारी देतात: एकूण मोकळ्या डीएनएत गाठीचा किती. पण एकूण डीएनए स्वतःच हलत असतो. शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत, एखाद्या इन्फेक्शनमध्ये, किंवा नळी तासन्‌तास तशीच पडून पांढऱ्या पेशी फुटल्या तरी निरोगी डीएनए भरमसाट वाढतो. मग गाठीची टक्केवारी उतरलेली दिसते आणि गाठ मात्र तिथेच असते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थांबून रक्त घेतात आणि त्यासाठी पेशी फुटू न देणाऱ्या खास नळ्या वापरतात. केमो दिल्यावर लगेचच रक्त घेतलं तर उलटही होतं. पेशी एकदम मरतात, डीएनएचा लोंढा येतो आणि औषध लागू पडत असूनही आकडा चढलेला दिसतो. त्यामुळे नमुना पुढच्या सायकलच्या अगदी आधी घेण्याची पद्धत आहे.

लवकर कळलं तर फायदाच ना?

सरळ विचार केला तर हो. औषध चालत नाही हे दोन महिने आधी कळलं तर ते बंद करा, दुसरं सुरू करा. नाहक त्रास वाचला, मौल्यवान वेळ वाचला. एवढं उघड आहे की तपासून बघायची गरजच वाटत नाही. सुदैवानं काही लोकांनी तपासून बघितलं.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये सीए-१२५ हा मार्कर आजार परत येण्याच्या बराच आधी चढतो. तो चढताच केमो सुरू करावी, की लक्षणं येईपर्यंत थांबावं? ब्रिटनमधून चाललेल्या आणि इतर देशांतही पसरलेल्या एका चाचणीत ५२९ बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला मार्कर चढल्यावर लगेच, म्हणजे सरासरी पावणेपाच महिने आधी, केमो मिळाली. २०१० मध्ये निकाल आला. लवकर उपचार घेतलेल्या गटाचं मध्यम आयुर्मान २५.७ महिने होतं, थांबलेल्या गटाचं २७.१. फरक नाही असंच म्हणायचं. उलट लवकर केमो घेतलेल्यांचं रोजचं जगणं आधी बिघडलं.

दुसरी चाचणी आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळची आहे. अमेरिकेत स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमो सुरू केल्यावर २१ दिवसांनी रक्तातल्या कॅन्सर पेशी मोजल्या. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा जास्त असतील तर औषध चालत नाही असं धरलं. अशा १२३ बायकांपैकी काहींची केमो लगेच बदलली, काहींची तीच चालू ठेवली. २०१४ मध्ये निकाल आला: बदलल्यानं आयुष्य लांबलं नाही. तपासणीचं भाकीत खरं ठरलं होतं, ज्यांच्या रक्तात पेशी उतरल्या नाहीत त्यांचा आजार खरोखरच वाईट निघाला. पण त्यांना बदलून दिलेली दुसरी केमोही पहिलीसारखीच कुचकामी ठरली.

माझ्या मते या विषयावरच्या प्रत्येक उत्साही बातमीखाली हे दोन निकाल छापायला हवेत. तपासणी बरोबर असणं पुरेसं नाही. ‘नाही’ असं उत्तर आलं तर हातात दुसरं चांगलं काहीतरी असावं लागतं.

जिथे हातात काहीतरी असतं

मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते असतं, आणि म्हणूनच पेशीच्या डीएनएवरून केमोचा प्रतिसाद मोजण्याचं काम तिथे सर्वांत पुढे गेलंय. प्रतिकारशक्तीच्या बी आणि टी प्रकारच्या प्रत्येक पेशीत डीएनएचे काही तुकडे स्वतःच्या खास क्रमानं जोडलेले असतात. मुलांतला हा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, बहुधा अशाच एका पेशीतून सुरू होतो, त्यामुळे सगळ्या रोगट पेशींत तोच जोड सापडतो. निदानाच्या वेळी तो वाचून ठेवायचा आणि साधारण महिनाभराच्या पहिल्या केमोनंतर मज्जेत तो अजून किती उरलाय हे बघायचं. याला एमआरडी म्हणतात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा उरलेला आजार. सीमारेषा सहसा दहा हजार पेशींत एक अशी धरतात.

ब्रिटनमध्ये यावर दोन्ही बाजूंनी प्रयोग झाला. ज्या मुलांत काही उरलं नव्हतं अशा ५२१ जणांपैकी निम्म्यांची केमो कमी केली. त्यांचं काही बिघडलं नाही. ज्यांच्यात उरलं होतं त्यांतल्या निम्म्यांची केमो वाढवली. पाच वर्षांनंतर आजार न उलटता राहिलेली मुलं वाढवलेल्या गटात ८९.६ टक्के होती, नेहमीच्या गटात ८२.८ टक्के. २०१३ आणि २०१४ मधले हे निकाल. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या केंद्रांत ल्युकेमियाच्या मुलांची एमआरडी तपासणी आज नेहमीची आहे, तिथे ती बहुतेक वेळा पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा बघणाऱ्या यंत्रावर करतात. ज्या घरात मूल या उपचारांतून गेलंय, त्यांना हा तीन अक्षरी शब्द चांगलाच परिचयाचा असतो.

घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे आतडं, स्तन, फुफ्फुस यांत, अजून इतकं स्वच्छ उत्तर नाही. पण एक चाचणी मला फार मोलाची वाटते, आणि गंमत म्हणजे तिनं केमो वाढवली नाही, कमी केली. मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनं बहुतेक लोक बरे होतात. थोड्यांचा आजार उलटतो. कुणाचा, हे माहीत नसल्यामुळे अनेकांना ‘असू दे’ म्हणून केमो दिली जाते. ऑस्ट्रेलियात ४५५ रुग्णांवर ‘डायनॅमिक’ नावाची चाचणी झाली. एका गटात नेहमीच्या पद्धतीनं ठरवलं. दुसऱ्या गटात शस्त्रक्रियेनंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त तपासलं आणि गाठीचा डीएनए सापडला तरच केमो दिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: नेहमीच्या गटात २८ टक्के लोकांना केमो मिळाली, रक्त बघून ठरवलेल्या गटात १५ टक्के लोकांना. दोन वर्षांनंतर आजार न उलटलेले पहिल्यात ९२.४ टक्के, दुसऱ्यात ९३.५ टक्के. म्हणजे केमो घ्यावी लागणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं आणि नुकसान झालं नाही. या कॅन्सरमध्ये वापरतात त्या ऑक्सालिप्लॅटिन औषधानं हातापायांना येणाऱ्या मुंग्या आणि बधिरपणा काहींची वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. त्यामुळे टळलेली केमो ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच मंडळींनी मग तिसऱ्या स्टेजमध्ये उलटी बाजू तपासली. रक्तात गाठीचा डीएनए सापडला तर केमो आणखी कडक करायची. २०२५ मध्ये निकाल आला. कडक केमोनं आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं नाही. पुन्हा तेच: धोका कुणाला आहे हे बरोबर कळलं, पण वाढवायला जे औषध होतं त्यात तेवढी ताकद नव्हती.

जिथे म्युटेशनला नेमकं भिडणारं औषध आहे तिथे चित्र बदलतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकात म्युटेशन असलेल्यांना त्याविरुद्धची गोळी देतात. या गोळ्यांची जुनी पिढी काही महिन्यांनी थकते, बऱ्याचदा टी७९०एम नावाच्या नव्या म्युटेशनमुळे. ते रक्तात सापडतं आणि त्यावर चालणारी पुढची गोळी तयार असते. ईजीएफआरची रक्तातून होणारी तपासणी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये मान्य केली, आणि भारतातही ती अनेक वर्षं होते आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गोळ्यांना दाद न देणारं ईएसआर१ म्युटेशन रक्तात दिसताच, स्कॅनवर काहीही वाढलेलं नसताना गोळी बदलून पाहिली गेली. २०२५ मध्ये आलेल्या चाचणीत बदललेल्यांचा आजार १६ महिने आटोक्यात राहिला, न बदललेल्यांचा ९.२ महिने. आयुष्य लांबतं का, याचा निकाल तेव्हा लागायचा होता. आणि ही दोन्ही उदाहरणं केमोची नाहीत हे ध्यानात असू द्या. केमो एखादं म्युटेशन बघून मारत नाही, भराभर वाढणाऱ्या कोणत्याही पेशीला मारते. त्यामुळे ‘ही केमो नको, ती द्या’ असं रक्तातली म्युटेशन क्वचितच सांगू शकतात.

तपासणी करायचीच झाली, तर

पैसे मोजण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: आकडा चढला तर तुम्ही काय वेगळं कराल, आणि उतरला तर काय? दोन्हींचं उत्तर ‘आहे तेच चालू ठेवू’ असेल, तर ती तपासणी तुमच्या काळजीसाठी आहे, उपचारासाठी नाही. काळजीसाठी करायलाही हरकत नाही, पण ती एकदा करून भागत नाही. एकट्या आकड्याला अर्थ नसतो, अर्थ असतो तो चढण्या-उतरण्याला. त्यामुळे प्रत्येक वेळचा खर्च गुणून बघा.

केमो सुरू होण्यापूर्वीचा नमुना हवाच. तो घ्यायचा राहिला असेल तर पुढच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? नंतरचे नमुने त्याच प्रयोगशाळेत, त्याच तपासणीनं करावेत. एका ठिकाणचे ०.३ टक्के आणि दुसरीकडचे ०.१ टक्के शेजारी ठेवून ‘उतरलं’ म्हणता येत नाही. शस्त्रक्रिया किंवा बायोप्सी झालेली असेल तर पॅथॉलॉजीतला गाठीचा ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) कुठे आहे याची चौकशी करून ठेवा. गाठीची यादी बनवायची वेळ आली की तोच लागतो, आणि रुग्णालय बदललेल्या लोकांची त्यासाठी फार धावपळ होते.

एक आकडा वाढला म्हणून कुणी केमो थांबवू नये, आणि ‘सापडलं नाही’ आलं म्हणून उरलेल्या सायकल सोडू नयेत. दोन्ही प्रकार घडतात. आकडा अनपेक्षित आला तर बहुतेक डॉक्टर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात किंवा स्कॅन थोडा अलीकडे ओढतात. त्या स्कॅनची तारीख आधीच मिळालेली असेल, तर रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून ती रद्द करू नका.